गर्भाशय दिसते, मुलगी दिसत नाही

मे २०१७ मध्ये पुण्यात देशातील पहिले गर्भाशय-प्रत्यारोपण झाले आणि भारतीय शल्यविद्येचे देशभर कौतुक झाले. ते यथार्थच होते. ज्या २१ वर्षांच्या तरुणीला आईचे गर्भाशय मिळाले, तिला जन्मतःच गर्भाशय नव्हते. मात्र जिथे एकीचे गर्भाशय दुसरीच्या देहात जोडता येते, त्याच देशात पाळी न आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीची साधी सोनोग्राफी वेळेवर होईल, याची शाश्वती नाही. प्रजननमार्गाचे जन्मजात रचनादोष येथील व्यवस्थेला दिसतात ते मातृत्व अडल्यावर. त्याआधी मुलगी वेदनेने कळवळत असते, तेव्हा नव्हे.

यातील विज्ञान गूढ नाही. गर्भावस्थेच्या पहिल्या काही महिन्यांत दोन म्युलेरियन नलिकांपासून बीजवाहिन्या, गर्भाशय, गर्भाशयमुख आणि योनीचा वरचा भाग घडतो. नलिकांची वाढच झाली नाही, तर गर्भाशय घडत नाही; यालाच ‘एमआरकेएच’ लक्षणसमूह म्हणतात. त्या नीट जुळल्या नाहीत, तर गर्भाशय द्विशृंगी किंवा दुहेरी होते. मधली भिंत विरली नाही, तर आत पडदा उरतो. अंडाशये मात्र वेगळ्या ऊतींपासून बनतात. त्यामुळे स्तनांची वाढ, उंची, बाह्यरूप सारे नेहमीसारखे असते आणि कोणाला शंकाही येत नाही.

योनीत आडवा पडदा असेल किंवा योनिपटलाला छिद्रच नसेल, तर पाळीचे रक्त आत साचते. दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, कधी लघवी तुंबते, पण स्राव दिसत नाही. मग निदान होते अपेंडिक्सचे, मूत्रमार्गाच्या संसर्गाचे किंवा ‘शाळा बुडवण्याच्या बहाण्या’चे. त्याहून फसवा प्रकार म्हणजे दुहेरी गर्भाशय, एका बाजूची बंद योनी आणि त्याच बाजूला मूत्रपिंडाचा अभाव. येथे दुसऱ्या बाजूने पाळी नियमित येते. साहजिकच ‘पाळीत दुखायचेच’ या वाक्यावर प्रकरण मिटते. दरम्यान अडलेले रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात उतरते आणि एंडोमेट्रिओसिसचा धोका वाढतो. मूत्रपिंड आणि गर्भाशय यांची घडण गर्भात परस्परांशी निगडित असते. एकच मूत्रपिंड असल्याचे कळलेल्या प्रत्येक मुलीचे गर्भाशय वयात येताना तपासले गेले, तर तिची अनेक वर्षांची यातना टळू शकते.

आता शासनाच्या दोन याद्या शेजारी ठेवाव्यात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांची नऊ नावे आहेत: दुभंगलेले ओठ, वाकडे पाऊल, जन्मजात मोतीबिंदू, हृदयविकार इत्यादी. प्रजननमार्गाचा एकही दोष त्यांत नाही. याउलट २०२२ च्या सरोगसी नियमांत ‘गर्भाशय नसणे’, ‘एकशृंगी गर्भाशय’, ‘टी-आकाराचे गर्भाशय’ अशी नावे स्पष्ट छापलेली आहेत. म्हणजे शासनाला हे दोष ठाऊक आहेत. फक्त ते बाळ हवे असतानाच आठवतात.

‘हे दोष दुर्मीळ आहेत’ हा ठरलेला बचाव. एमआरकेएच साधारण ५,००० मुलींमागे एकीला असतो. भारतात दरवर्षी एक कोटीहून अधिक मुली जन्मतात. म्हणजे केवळ या एका दोषाच्या वर्षाला दोन हजारांहून अधिक मुली. ‘हे दोष जन्मवेळी दिसत नाहीत’ हा दुसरा बचाव खरा आहे, पण अपुरा. जन्मवेळी दिसत नाहीत, म्हणूनच वयात येताना शोधावे लागतात. कार्यक्रमातील किशोरवयीन तपासणीत पाळीविषयी प्रश्न आहेत. पण प्रश्न विचारला म्हणजे निदान झाले, असे नव्हे. ‘कुमारिकेची तपासणी कशी करायची’ ही भीती तर निराधार आहे. भरलेल्या मूत्राशयावर पोटावरून केलेल्या सोनोग्राफीला आतील तपासणी लागत नाही.

दुसऱ्या टोकाला वंध्यत्व-उपचारांच्या बाजारात मात्र निदानाची घाई दिसते. तेथे गर्भाशयातील पडदा कापून काढणे हा गर्भपातावरचा हुकमी इलाज म्हणून सुचवला जातो. वास्तविक पडदा कशाला म्हणावे, यावरच अमेरिकी आणि युरोपीय वर्गीकरणांत मतभेद आहेत. रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये गर्भाशयाची बाहेरची कड दिसत नाही, त्यामुळे पडदा आणि द्विशृंगी गर्भाशय यांतील फरक ठरवता येत नाही. त्यासाठी त्रिमितीय सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८० स्त्रियांवरील यादृच्छिक चाचणीत पडदा कापल्याने जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. चाचणी लहान होती, म्हणून तो अंतिम शब्द नव्हे. परंतु हमी देण्याला आधार उरत नाही. जिथे शुल्क मिळते तिथे दोष अधिक सापडतात, आणि जिथे नुसती वेदना असते तिथे ते सापडत नाहीत.

उपाय खर्चिक नाहीत. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा स्रावाविना दरमहा पोट दुखते, तर गर्भाशय आणि मूत्रपिंड यांची सोनोग्राफी शालेय तपासणीतून बंधनकारक व्हावी. निदान प्रथम त्या मुलीला, तिला कळेल अशा भाषेत आणि समुपदेशनासह सांगितले जावे. एमआरकेएचमध्ये योनी घडवण्याचा पहिला मार्ग शस्त्रक्रिया नसून विस्फारकांचा संयमी वापर हा आहे. तो कधी सुरू करायचा, हे तिने ठरवावे; लग्नाच्या तारखेवरून उपचारांचा मुहूर्त काढला जाऊ नये.

प्रत्यारोपणाचा अभिमान देशाने जरूर बाळगावा. पण त्या शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचणाऱ्या मोजक्या स्त्रियांमागे हजारो मुली शाळेच्या बाकावर पोट धरून बसलेल्या आहेत. त्यांना गरज आहे ती एका प्रश्नाची, एका सोनोग्राफीची आणि त्यांचे दुखणे खरे मानणाऱ्या एका डॉक्टरची.