वाघीण सोडा, पण तेंदूच्या हंगामात नको



वाघांच्या स्थलांतराच्या बातम्यांत वाघिणीचे वय असते, गळ्यातली रेडिओ कॉलर असते, पिंजऱ्याचे दार कोणी उघडले तेही असते. ती कोणत्या महिन्यात सोडली, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. हे पत्र त्यासाठीच.

ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी २० मे २०२३ रोजी नागझिरा अभयारण्यात सोडल्या. तिसरी सोडली २०२४ च्या एप्रिलमध्ये. ती तर काही दिवसांतच मेलेली सापडली. एप्रिल आणि मे! भंडारा-गोंदियातल्या कोणालाही विचारा, जंगलात सर्वांत जास्त माणसे केव्हा असतात. मोहफूल पहाटे गळते. जनावरांनी खाण्याआधी वेचायचे म्हणून बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात. मोह सरतो न सरतो तोच तेंदूपत्ता सुरू. सकाळभर झुडपांत वाकून पाने तोडायची, मग घरी बसून ७० पानांचे पुडे बांधायचे. पोरासोरांसकट अख्खे घर त्यात असते, कारण धान निघाल्यावर पावसाळ्यापर्यंत हातात येणारा रोख पैसा तोच. खाली वाकलेल्या माणसावर वाघाची झडप पडण्याचा धोका जास्त, हे वनरक्षकच आम्हाला सांगतात. मग नेमक्या याच दिवसांत, अनोळखी रानात बावरलेली वाघीण का सोडायची?

अभयारण्याच्या आत तेंदू तोडतच नाहीत, असे उत्तर मिळेल. खरे आहे. पण नवी वाघीण सोडल्या जागी बसून राहत नाही. ब्रह्मपुरीजवळ पकडून २०१७ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण बाहेर पडली, माणसे गेली, तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला आणि ऑक्टोबरात ती कुंपणाच्या विजेच्या तारेला लागून मेली. ताडोब्यातून ओडिशाच्या सिमिलीपालला नेलेली झीनत झारखंड ओलांडून थेट पश्चिम बंगालात पोहोचली. २०२४ च्या डिसेंबर अखेरीस तिला बांकुड्यात बेशुद्ध करून पकडावे लागले.

नागझिऱ्याची काळजी पवनीकराने का करावी? आमच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे नाव ज्याने देशभर केले, तो 'जय' वाघ नागझिऱ्यातूनच चालत आला होता. वाटेत नदी होती, महामार्ग होता, अडला नाही. एप्रिल २०१६ पासून तो कोणाला दिसला नाही, ही गोष्ट वेगळी. तिकडे सोडलेला वाघ उद्या आमच्या धुऱ्यावर उभा राहू शकतो, आणि वाघांबरोबर राहणे आम्हाला नवे नाही. माझा विरोध वाघाला नाही. ब्रह्मपुरीत दाटी झाली आहे, नागझिऱ्यात जागा आहे, तेव्हा वाघ हलवण्यालाही नाही.

उन्हाळ्यात पाणवठे मोजके, पानगळीमुळे रान मोकळे, म्हणून माग ठेवणे सोपे जाते, असेही कोणी म्हणेल. पण सह्याद्रीत २०२५ मध्ये वाघीण नेली ती नोव्हेंबरात. सिमिलीपालला जमुना आणि झीनत गेल्या त्याही हिवाळ्याच्या तोंडावर. तिथे जमते, मग आमच्याकडे का नाही? नोव्हेंबरात धानाची कापणी असते, कबूल. म्हणून डिसेंबर-जानेवारी घ्या. तेव्हा जंगलात सरपणाला जाणाऱ्यांखेरीज फारसे कोणी नसते.

दुसरी मागणी कॉलरच्या माहितीची. वाघिणीचा नेमका ठावठिकाणा शिकाऱ्यांच्या भीतीने जाहीर करत नाहीत, ते योग्यच. पण आज जंगलाच्या अमुक कक्षात जाऊ नका, एवढी दवंडी सकाळी पाचच्या आत गावात फिरायला काय हरकत आहे? आणि कक्ष बंद ठेवला तर त्या दिवसाची तेंदूची मजुरी द्या. माणूस मेल्यावर २५ लाख देणाऱ्या शासनाला ती जड जाऊ नये.

आमच्याच अभयारण्यात गोठणगावला २०२४ च्या शेवटच्या दिवशी पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि यंत्रणा हलली. चांगलेच झाले. मोह वेचणाऱ्या बाईसाठी निदान वनविभागाने स्वतःहून एक कॅलेंडर करावे: पुढची वाघीण सोडण्याची तारीख ठरण्यापूर्वी आसपासच्या ग्रामसभांकडून मोह-तेंदूचे दिवस लेखी मागवावेत आणि ते दिवस वगळावेत.

– एक वाचक, पवनी (जि. भंडारा)