फुकट कोड म्हणजे जुगार नव्हे

संपादक महोदय,

‘गेममधले रिडीम कोड म्हणजे जुगारच’ हे आपल्या अंकातले मत पटत नाही. जुगारात पैसा लावावा लागतो. फ्री फायर मॅक्स या मोबाइल गेममध्ये बक्षीस मिळवून देणारा कोड भरायला छदामही लागत नाही. पैसे जातात ते डायमंड हे गेममधले चलन विकत घेऊन फिरवलेल्या बक्षिसांच्या चक्रात. टीका तिथे करा.

मॅक्सची मूळ आवृत्ती असलेल्या फ्री फायरवर भारतात फेब्रुवारी 2022मध्ये बंदी आली ती सुरक्षेच्या कारणावरून, कोडमुळे नव्हे.

खरा धोका बनावट संकेतस्थळांचा आहे. अधिकृत पानावर लॉगिन करून फक्त कोड भरायचा असतो. ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागणारा भामटाच. फसवणूक झाल्यास ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. पालकांना नुसती भीती नको, ही माहिती द्या.

– एक पालक, पानिपत