समुद्रतळीचे छायाचित्र

सांगली जिल्ह्यातील आष्टा हे काळ्या मातीचे आणि उसाच्या मळ्यांचे गाव. तेथील मुलांना समुद्र पाहावयाचा तर सह्याद्री ओलांडून कोकणात उतरावे लागते. मालवणला गेलेला पाहुणा आता किनारा पाहूनच परतत नाही. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून, म्हणजेच स्कूबा डायव्हिंग करून, तो पाण्यात उतरतो आणि मुठीत मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याने समुद्रतळीची चित्रे टिपतो. या छंदाचे स्वागतच करावे. परंतु त्याची शिस्त आधी शिकावी.

पाण्याखाली छायाचित्र घेणे एके काळी दुर्घट होते. 1856 मध्ये विल्यम थॉम्पसन याने इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ पेटीत बसविलेला कॅमेरा समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरले, तरी एक अंधूक चित्र मिळाले. आज कॅमेऱ्याला जलरोधक कवच मिळते. समुद्राचे नियम मात्र तेच आहेत. दर 10 मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. कवचाच्या रबरी कड्यावर एखादा केस राहिला, तरी पाणी आत शिरू शकते. शिवाय पाणी तांबडा रंग प्रथम शोषून घेते. म्हणून खोल पाण्यात तांबडा मासाही काळपट दिसतो. त्याचा खरा रंग टिपावयाचा तर अगदी जवळ जाऊन फ्लॅशचा उजेड पाडावा लागतो.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. जवळ जावयाचे, ते किती? मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून अभयारण्य आहे. तेथे प्रवाळ आहेत. प्रवाळ दगडासारखे दिसले, तरी ती इवल्या प्राण्यांची वसाहत होय. त्यांच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. पायाला बांधलेल्या रबरी पंखाचा एक फटकारा अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडतो. छायाचित्राच्या नादात नवशिक्याला स्वतःच्या तोलाचे, नळकांड्यातील हवेचे आणि सोबत्याचेही भान राहत नाही. हात स्थिर राहावा म्हणून तो श्वास रोखतो; त्याच स्थितीत वर आल्यास फुप्फुसातील हवा प्रसरण पावून जिवावर बेतू शकते.

म्हणून ज्याला पाण्यात तरंगत स्थिर राहता येत नाही, त्याने कॅमेरा किनाऱ्यावरच ठेवावा. कोणी म्हणेल, चित्रामुळेच तर दूरच्या मुलांना समुद्राचे वैभव कळते. हे खरे आहे. पण जे दाखवावयाचे, तेच मोडून घेतलेल्या चित्राचे मोल ते काय? उसाचे कोवळे कोंब तुडवीत मळ्याचे चित्र घेणाऱ्याला आष्ट्याचा शेतकरी तत्काळ हटकेल. प्रवाळांना हटकता येत नाही. म्हणून तेथे माणसाने स्वतःलाच हटकले पाहिजे.