मुलीच्या वाट्याचा संगणक

आज सावित्रीबाई फुले यांची जयंती. शाळाशाळांतून बालिका दिन साजरा होईल, मुली लुगडे नेसून, कपाळावर आडवी चिरी रेखून सावित्रीबाई होतील, आणि त्यांचे फोटो लगोलग तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातील. फोन अर्थात गुरुजींचा.

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा मुलीच्या हाती अक्षर लागले की ती बिघडते, असे शहाणी माणसेही मानत. ती भीती आता फोनला येऊन चिकटली आहे. मुलगा फोन घेऊन कोपऱ्यात बसला तर गेम खेळत असेल. मुलगी बसली तर ‘कोणाशी बोलतेस गं?’

‘असर’ या शिक्षणविषयक अहवालासाठी २०२३ साली ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली. जवळपास ९० टक्के जणांच्या घरी स्मार्टफोन होता. एवढाच आकडा वाचणाऱ्याला प्रश्न सुटलाच असे वाटेल. पण फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे तो स्वतःचा होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. गजर लावणे, माहिती शोधणे, नकाशावर रस्ता काढणे अशी साधी कामे प्रत्यक्ष करून घेतली, त्यांतही मुलगे पुढे होते. यात बुद्धीचा काही संबंध नाही. फोनशी तासन्‌तास खुडबुड करणारा शिकतोच. भावाचे झाल्यावर, ‘पटकन बघ आणि दे’ या अटीवर ज्या मुलीला तो मिळतो, तिने चुकत चुकत शिकायचे कधी?

म्हणून शाळेतला संगणक मुलाला जादाची सोय असेल. अनेक मुलींना तो एकमेव आहे. आणि नेमका तोच आपण बेभरवशाचा ठेवला आहे. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाली, तिचे पाहून राज्यभर शिक्षकांनी लोकवर्गणी उभी केली. त्या धडपडीला नमस्कारच केला पाहिजे. परंतु वर्गणी जिथे निघू शकते तिथेच ती निघते. ऊसतोडीला निम्मे गाव बाहेर पडते, तिथे प्रोजेक्टरसाठी कोणाच्या दारात जायचे? पुढे वीजबिल थकते, जोडणी तुटते, आणि भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ तेवढे रंगवलेले राहते. माध्यमिक शाळांतल्या संगणक प्रयोगशाळा तर पाच-पाच वर्षांच्या कंत्राटांवर आल्या. मुदत संपली, शिक्षक गेले. यंत्रे कापड पांघरून बसली. यंत्राच्या खरेदीला निधी आहे, ते चालवणाऱ्या माणसाच्या पगाराला नाही, हा आपल्या धोरणाचा जुनाच रोग.

जिथे सारे सुरू आहे तिथेही तासाला डोकावून पाहावे. एका संगणकापाशी चौघे. माउस बहुधा मुलाच्या हातात, मुलगी मागून बघते. हजेरीत मात्र दोघांचा तास भरतो.

केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली एक निकाल दिला. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते १० फोनबंदी होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला बाहेर काढले गेले. इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले. अभ्यासाची काळजी म्हणून घातलेली बंदी अभ्यासाच्याच आड कशी येते, हे त्या खटल्यात उघडे पडले. आपल्याकडे अशी बंदी घरोघरी आहे. तिच्याविरुद्ध कोणती मुलगी कोर्टात जाणार?

घर बदलायला वेळ लागेल, शाळेला तेवढा लागू नये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असतात. बहुतेक ठिकाणी त्यांच्या वाट्याला सही तेवढी येते. या महिन्याच्या बैठकीत त्यांनी संगणक कक्षाची किल्ली मागावी, वीजबिल डोळ्यांखालून घालावे, आणि शाळा सुटल्यावर एक तास तो कक्ष फक्त मुलींसाठी उघडा राहील, असा ठराव लिहून घ्यावा.