सौंसरची सायकलवाट

२४ ऑगस्ट २०२३ रोजी जामसावलीला ‘हनुमान लोक’चे भूमिपूजन झाले, ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले. आता मोटारी वाढणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. पण पिंपळाखाली पहुडलेल्या त्या मारुतीच्या दर्शनास सौंसरहून सायकलीने निघणे, ही चैन निराळीच. माघात बागांतून संत्र्याच्या आंबिया बहाराचा वास येतो, तो विलंबित लयीतच मिळावयाचा, मोटारीच्या द्रुतात (आम्हा गाणेवाल्यांची भाषा!) हरपतो. ३१४ कोटींच्या कामात रस्त्याकडेला सायकलीपुरती पक्की वाट आखणे जड नाही. मात्र ती आताच आखली पाहिजे. एकदा नारळफुलांची दुकाने रस्त्यालगत बसली, की त्यांना उठवावयास कोण जाणार?