स्टेडियमचं उत्तर

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी एक मुलगी पुढच्या वर्षी सौंदर्यस्पर्धेसाठी परदेशात जाणार आहे. आई सोलापूरची, वडील इथलेच, कन्नड. मुलगी मला मावशी म्हणते. मी तीस-बत्तीस वर्षं बंगळुरात मुलामुलींना इंग्रजी बोलायला शिकवते आहे, म्हणून आईने तिला माझ्याकडे पाठवलं. 'ताई, हिचं व्ही आणि डब्ल्यू एकच येतं, तेवढं बघा. सर म्हणतात, इंग्रजीतून मराठी ऐकू येतं.' सर म्हणजे अशा स्पर्धांची तयारी करून घेणारे एक गृहस्थ. चालणं ते शिकवतात, हसणं ते शिकवतात, आणि विचार करणंही, असा त्यांचा समज आहे.

मुलीच्या हातात जाडजूड फाइल होती. दोनशेच्या वर प्रश्न आणि प्रत्येकाखाली तीस सेकंदांत म्हणून संपेल असं उत्तर. श्वास घ्यायचा तिथे तिरकी रेघ, हसायचं तिथे लाल टिंब. स्त्रीशिक्षण, विश्वशांती, अनाथ मुलं, पर्यावरण. सगळी उत्तरं बरोबर होती. एकही तिचं नव्हतं.

मी फाइल मिटली आणि विचारलं, उद्या तू पंतप्रधान झालीस तर पहिलं काय करशील? ती चटकन मराठीत म्हणाली, 'बेळ्ळंदूरचा तलाव साफ करीन.' तिचं लहानपण त्या तलावाच्या काठी गेलंय. गटाराचं पाणी आणि साबणाचा मैला साचून त्या तलावावर फेसाचे डोंगर उठत आणि वाऱ्याने रस्त्यावर येत. तिच्या शाळेच्या बसच्या काचांवर तो फेस चिकटायचा. २०१७ च्या फेब्रुवारीत तर तलावाला आग लागली. पाण्याला आग! 'घरातून धूर दिसत होता मावशी, आणि बाबा म्हणाले, आता घर विकायला गेलो तर कोण घेणार?' हे सगळं ती हातवारे करत सांगत होती, श्वास कुठे घ्यायचा याची आठवणही न ठेवता.

मग हे फाइलमध्ये का नाही? 'सर म्हणाले, जळणारा तलाव म्हटलं की देशाची बदनामी होते. शिवाय विषय लोकल आहे.'

हे ऐकल्यावर मला मधू सप्रे आठवली. ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांनाही आठवली असेल. १९९२ च्या मे महिन्यात बँकॉकला विश्वसुंदरीची स्पर्धा झाली. नागपूरची ही मुलगी, मूळची खेळाडू, शेवटच्या तिघींत पोहोचली. तिला विचारलं गेलं की तू देशाची नेता झालीस तर काय करशील. ती म्हणाली, मोठं क्रीडा स्टेडियम बांधीन. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनला मिळाला आणि मधू सप्रे तिसरी आली.

परीक्षकांचं सोडा. त्यांचा निकाल त्यांनी दिला. मला राग आहे तो आपला. पुण्यातल्या माझ्या नातेवाइकांच्या घरी तो विषय दोन महिने चघळला गेला. 'एवढी देखणी, पण डोकं कुठाय? उपाशी लोकांच्या देशात स्टेडियम?' दुसरे म्हणायचे, 'इंग्रजी कच्चं, त्याला ती काय करणार.' या दुसऱ्या लोकांना आपण फार समजूतदार आहोत असं वाटायचं. तिने जे सांगितलं तेच तिला सांगायचं होतं, ही शक्यता कुणाच्याही मनात आली नाही. मैदानावर वाढलेल्या मुलीने मैदान मागितलं, यात न समजण्यासारखं काय होतं?

आणि पुढचं पाहा. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकमधून भारत एकही पदक न घेता परतला. १९८४ आणि १९८८ लाही हेच झालं होतं. दोन वर्षांनी, १९९४ ला, पुण्याजवळ बालेवाडीला भलंमोठं क्रीडासंकुल उभं राहिलं आणि तिथे राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या. तेव्हा माझ्या त्याच नातेवाइकांनी अभिमानाने मला ते संकुल दाखवायला नेलं. गरिबी हटेपर्यंत थांबा, असं तिथे कुणी म्हणालं नाही. पुढाऱ्याने बांधलं की स्टेडियम ही दूरदृष्टी, आणि मुलीने मागितलं की ते अज्ञान!

१९९४ लाच सुश्मिता सेन जिंकली. स्त्रीत्वाचं सार काय, हा तिला प्रश्न होता, आणि स्त्री ही देवाची देणगी, ती आई, प्रेम वाटायला शिकवणारी, अशा अर्थाचं तिचं उत्तर होतं. तिला मी नावं ठेवणार नाही. हिंदी माध्यमात शिकलेली, मिस इंडियाचा झगा दिल्लीच्या सरोजिनीनगर बाजारातल्या शिंप्याकडून शिवून घेतलेली मुलगी ती. हातमोजे पायमोज्यांतून केलेले, हे तिनेच सांगितलंय. पण तेव्हापासून या वर्गवाल्यांना साचा मिळाला. स्टेडियम नको, आई सांगा. ठोस काही मागू नका, कारण ठोस मागितलं की कुणीतरी हिशेब विचारतं. तलावाचा हिशेब विचारला तर कारखाने, बिल्डर, महापालिका अशी नावं घ्यावी लागतात. प्रेमाचा हिशेब कोण विचारणार?

आता आमच्या शहराचं सांगते. २३ नोव्हेंबर १९९६ ला इथल्या चिन्नास्वामी स्टेडियममध्ये जगत्सुंदरीची अंतिम फेरी झाली. (सौंदर्यस्पर्धा भरवायला स्टेडियम चालतं, उत्तरात तेवढं चालत नाही.) अमिताभ बच्चन यांच्या कंपनीने ती भरवली होती. त्या महिनाभर शहरात पोलिसांखेरीज काही दिसत नव्हतं. डाव्या स्त्री-संघटना विरोधात, उजव्याही विरोधात, नंजुंडस्वामींची रयत संघटनाही विरोधात. एका महिला संघटनेने तर स्टेडियममध्ये शिरून जीव देण्याची धमकी दिली होती. मदुराईत एका तरुणाने खरोखरच स्वतःला जाळून घेतलं आणि तो गेला. पोहण्याच्या पोशाखातली फेरी सेशेल्सला हलवण्यात आली. म्हणजे आमच्या संस्कृतीचं रक्षण झालं, कारण उघडे पाय आता दुसऱ्यांच्या समुद्रावर होते!

मीही एका मोर्चात गेले होते, हे कबूल करते. बाजारपेठेसाठी बायकांच्या अंगाचं माप काढू नका, असा फलक माझ्या हातात होता. मला तो आजही बरोबर वाटतो. पण शेजारून दुसरा मोर्चा येऊन मिळाला. त्यांचा फलक भारतीय नारीच्या मर्यादेविषयी होता, आणि माप त्यांच्याही हातात होतं, फक्त साडीचं. अठ्ठ्याऐंशी मुली शहरात आल्या होत्या. भारताची रानी जेयराज शेवटच्या पाचांत गेली, ग्रीसची इरिनी स्क्लिवा जिंकली. त्यांपैकी एकीशीही आमच्यातलं कुणी बोललं नाही. त्यांच्या वतीने बोलणारे मात्र दोन्ही फाटकांवर होते.

चारच वर्षांनी याचं उत्तर द्यायची पाळी आली ती याच शहरात वाढलेल्या एका मुलीवर. २००० साली सायप्रसमध्ये निकोसियाला लारा दत्ताला प्रश्न आला, की बाहेर निदर्शक म्हणताहेत ही स्पर्धा स्त्रियांचा अपमान आहे, त्यांना ते चूक आहेत हे पटवून दे. प्रश्नाची घडण बघा. त्यांचं बरोबर आहे की चूक, हे विचारलेलंच नाही. चूक आहेत हे आधीच ठरलं, तू फक्त पटव. अशा स्पर्धांमुळे तरुण स्त्रियांना हव्या त्या क्षेत्रात जायला व्यासपीठ मिळतं, अशा आशयाचं सफाईदार उत्तर तिने दिलं आणि मुकुट घेतला. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण विचारणाराच उत्तर हातात देत असेल तर ती मुलाखत कसली?

आणि २०२१ ला इस्राएलमध्ये एलातला काय झालं? हरनाझ संधू महिनोन्महिने तयारी करून तिथे पोहोचली, आणि भर मंचावर सूत्रसंचालक स्टीव्ह हार्वे यांनी तिला प्राण्याचा आवाज काढायला सांगितलं. तिने हसत मांजरीचा आवाज काढला. जिंकल्यावर काही महिन्यांत तिचं वजन वाढलं, तर लोकांनी तिची टिंगल केली. तिला सीलिॲक हा आजार आहे, गहू चालत नाही, हे तिला जाहीरपणे सांगावं लागलं. फाइलमधल्या दोनशे प्रश्नांत हे दोन मला सापडले नाहीत.

अलीकडचं हैदराबाद विसरू नका. २०२५ च्या मे महिन्यात जगत्सुंदरी तिथे भरली. रामप्पा मंदिरात शिरण्यापूर्वी स्पर्धकांच्या पायांवर स्थानिक स्त्रिया पाणी घालताहेत, पाय पुसताहेत, अशी दृश्यं देशभर फिरली. इंग्लंडची मिला मॅगी मध्येच परत गेली आणि श्रीमंत प्रायोजकांच्या करमणुकीला बसवल्यासारखं वाटलं असं तिने सांगितलं. संयोजकांनी ते नाकारलं. या दोन बातम्यांत मला एकच खोली दिसते. कुणी वाकून पाय पुसतंय, कुणी ताठ बसून हसतंय, आणि तोंड उघडायची परवानगी दोघींनाही नाही.

'मग जाऊच नये का?' असं तिची आई मला विचारते. तसं मी म्हणत नाही. १९६६ ला मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकणारी रीटा फारिया, गोव्याकडच्या घरातली, लंडनला उसन्या कपड्यांत गेली आणि जगत्सुंदरी होऊन आली. तिच्याही वाट्याला मालक आले. त्यांनी तिला बॉब होप यांच्याबरोबर व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांपुढे नेलं आणि इथे लोक रागावले. वर्षभर तिने ते निभावलं, सिनेमांना नकार दिला, पुन्हा वैद्यकाकडे वळली आणि डॉक्टर झाली. तिच्याजवळ मुकुटापेक्षा मोठं काहीतरी आधीच होतं, म्हणून ती मुकुट बाजूला ठेवू शकली. आमच्या वर्गवाल्या सरांचा सगळा धंदा ते आधीचं काढून टाकण्याचा आहे. व्ही-डब्ल्यूपासून सुरुवात होते आणि तलावापाशी संपते.

पण सरांवर किती चिडू? हाच धंदा मी केलाय. २००० च्या आसपास या शहरात कॉल सेंटरं निघाली तेव्हा एका कंपनीत मी उच्चार शिकवत होते. बेळगाव-हुबळीकडून आलेल्या मुली रात्री कामावर बसताना इंग्रजी नावं घ्यायच्या. बेळगावच्या एका मुलीला मी तीन आठवडे तिचं मराठी पुसायला लावलं. ती हुशार होती, लवकर शिकली. महिन्याभराने तिने घरी फोन केला तेव्हा आजी म्हणाली, कोण बोलतंय? हे तिने हसत सांगितलं आणि मीही हसले. पगार चांगला होता, तिचाही आणि माझाही. मुलाखतीत 'तुमचा कमकुवतपणा कोणता' या प्रश्नाला 'मी फार काम करते' हे उत्तर मी शेकडो जणांकडून घोटून घेतलंय. त्या उत्तरात आणि विश्वशांतीत काय फरक आहे? पायाखालच्या उंच टाचा, बस्स.

म्हणून या मुलीला मी दोन गोष्टी सांगितल्या. व्ही आणि डब्ल्यू मी शिकवीन, कारण ते तोंडाचं काम आहे, आठवड्यात जमेल. खालचा ओठ वरच्या दातांना लावायचा, एवढंच. पण तलावाचं उत्तर ती इंग्रजीत स्वतः लिहील आणि मी फक्त व्याकरण बघेन. ती म्हणाली, 'आणि त्यामुळे हरले तर?' मी म्हटलं, हरशीलही.

ती गप्प बसली. वर्गाची फी तिच्या वडिलांनी कर्ज काढून भरली आहे, हे मला ठाऊक आहे. मधू सप्रेचं नाव तिने ऐकलं नव्हतं. मी तिला स्टेडियमची गोष्ट सांगितली, तर तिचा पहिला प्रश्न होता, 'मग ते बांधलं का?' मी बालेवाडीचं सांगितलं. 'म्हणजे बरोबरच होतं की तिचं!'

काल रात्री तिच्या आईचा निरोप आला. ताई, उच्चाराचंच बघा, तो तलावाचा विषय घेऊ नका, सर नाराज झालेत. मंगळवारी सकाळी मुलगी माझ्याकडे आली. फाइल आणली होती. पण मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने सात ओळी लिहिल्या होत्या, खाडाखोड करून. पहिल्याच ओळीत 'वॉटर' होतं, आणि तिने ते व्हीने वाचलं. आम्ही तिथून सुरुवात केली.