पाऊस मोजता, मग ऊन कोण मोजणार?



"पाऊस सरासरीच्या जवळपास झालाय, मग दुष्काळ कसला?" हे ऐकून कान किटले. माझं उत्तर एकच. पर्जन्यमापक आभाळातून पडलेलं पाणी सांगतो, रानातून उडून गेलेलं सांगत नाही.

साधा हिशोब करा. एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. कडक उघडीप असली की भरातलं सोयाबीन आणि जमीन मिळून दिवसाला ५ मिलिमीटर सहज जातं. म्हणजे एकरी २० हजार लिटर, रोज! आणि हवा १ अंशाने तापली की तिची बाष्प धरायची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलंय. हवेची तहान वाढली, ती भागवतंय तुमचं-माझं रान. त्याच हवेतला पाऊस पडतो तेव्हा तासाभरात कोसळतो आणि माती घेऊन ओढ्याला जातो.

२०२३ आठवा. १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आमच्या लातूरकडं सोयाबीन फुलात होतं. माझ्या मुरमाड तुकड्यात बाराव्या दिवशी पिकानं माना टाकल्या. मधेच ३ मिलिमीटर भुरभुर झाली. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "खंड तुटला." कारण २.५ मिलिमीटर पडला की कागदावर तो पावसाचा दिवस! अहो साहेब, तेवढं पाणी पिकाला एक दिवससुद्धा पुरत नाही.

काहीजण म्हणतील, दोष उसाचा आणि बोअरचा. खरंय, आपणही कमी नाही. पण माझ्या कोरडवाहू तुकड्यात ना ऊस, ना बोअर. तो का करपला?

म्हणून मागणी सरळ आहे. खंडाचे नुसते दिवस मोजू नका. तापमान, बाष्पीभवन आणि मातीतली ओल प्रत्येक महसूल मंडळात मोजा आणि विमा त्यावर ठरवा. मुरमाड आणि काळ्या रानाला एकच फूटपट्टी लावू नका. कृषी विद्यापीठातली मंडळी वाचत असतील तर त्यांनीही हे लावून धरावं.

आणि आपण? काडीकचरा पेटवणं बंद करा, रानावर झाकण ठेवा. उन्हाला उघडी जमीन म्हणजे उघडी घागर.

तुमच्या रानात किती दिवसांत पिकानं माना टाकल्या? जमिनीचा प्रकार सांगून खाली लिहा. सरकार मोजत नाही, तोवर आपण मोजू.